१४२८५७ : ‘चमत्कारी’ संख्येमागचा साधा भागाकार

१४२८५७ ही सहा अंकी संख्या ‘चमत्कारी संख्या’ म्हणून सोशल मीडियावर अनेकदा फिरते. तिचे गुणधर्म खरे आहेत, पण त्यांत गूढ काही नाही. शाळेतल्या भागाकारातून ते उलगडतात.

गुणाकार केल्यावर काय होते?

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

दरवेळी तेच सहा अंक त्याच क्रमाने येतात, फक्त सुरुवात बदलते. म्हणून हिला चक्रीय संख्या म्हणतात. ७ ने गुणल्यावर मात्र ९९९९९९ मिळतात.

असे का होते?

१ ला ७ ने भागल्यास ०.१४२८५७१४२८५७... असे उत्तर येते. भागताना बाकी अनुक्रमे ३, २, ६, ४, ५ आणि १ उरते. पुन्हा १ आला की तेच चक्र सुरू होते. २ ला ७ ने भागले तर याच चक्रात बाकी २ पासून प्रवेश होतो, म्हणून उत्तर २८५७१४ ने सुरू होते.

१७ ने भागल्यावरही अशी चक्रीय संख्या मिळते : ०५८८२३५२९४११७६४७. पण भाजक १० पेक्षा मोठा असला की सुरुवातीला शून्य येतेच. त्यामुळे शून्याने सुरू न होणारी अनेक अंकी चक्रीय संख्या दशमान पद्धतीत १४२८५७ ही एकच आहे.

कापरेकर संख्या

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. शेवटचे सहा अंक वेगळे काढून दोन भागांची बेरीज केली, तर

२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

म्हणजे मूळ संख्याच परत येते. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ९, ४५, ५५ आणि २९७ याही त्यांपैकीच. उदाहरणार्थ, ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५.

डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. त्यांना गणितातील पदव्युत्तर शिक्षण मिळाले नव्हते. त्यांच्या कामाकडे अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक म्हणून दुर्लक्ष केले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर ते जगभर पोहोचले. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ही त्यांचाच शोध.

हर्षद संख्या

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी असे नाव दिले. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७ आहे आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे.

तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असे आहेत. हे सारे पडताळायला कागद आणि पेन्सिल पुरते. कापरेकरांचे बरेचसे गणितही असेच, कोणालाही करून पाहता येणारे होते.