पहाटे ४ वाजून २१ मिनिटे, कोयनानगर

कऱ्हाडहून पाटणमार्गे तुम्ही हेळवाकला उतरता. महाबळेश्वरहून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना इथे पूर्वेला वळते. सरळ रस्ता कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातो. तुम्ही मात्र नदीच्या काठाने वर, कोयनानगरला निघता. तारीख १० डिसेंबर १९६७, वार रविवार.

कोयनेवरचं धरण पुरं होऊन तीन वर्षं झालीत. भिंत १०३ मीटर उंच. मागे शिवाजीसागर, आणि त्याच्या तळाशी गावं, भाताची खाचरं, देवळं. बुडालेल्या गावांतली माणसं कुठल्या कुठे जाऊन वसली. पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरून वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. बंगालच्या उपसागराकडे निघालेली नदी अशी अरबी समुद्राला लावून दिली आहे.

रात्री दगडमातीच्या, कौलारू घरात मुक्काम. नाचणीची भाकरी वाढता वाढता घरधनीण म्हणते, "पाव्हणं, रातच्याला गडगडलं तर भिऊ नका. धरण भरल्यापासनं भुई अशीच गुरगुरती." सप्टेंबरातच जोराचा धक्का बसून गेलाय. माणसाला कशाचीही सवय होते. त्या सवयीचीच तुम्हाला धास्ती वाटते.

पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आधी आवाज येतो, मग जमीन हलते. कसेबसे तुम्ही अंगणात येता तोवर मागची भिंत आत कोसळलेली असते. कौलं पायाखाली कचाकचा फुटतात. चंद्र केव्हाच मावळलाय; धुळीत माणूस दिसत नाही, फक्त नावं घेऊन मारलेल्या हाका ऐकू येतात. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "धरण हाय न्हवं?"

धरण आहे. उजाडल्यावर कळतं, वरच्या भागात तडे गेलेत, पण भिंत उभी आहे. वस्ती मात्र आडवी झाली आहे. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. धक्का पार मुंबई-गोव्यापर्यंत जाणवला आणि कोयनेची वीज तुटली. जगाच्या नकाशावर कोयना आली ती अशी: जलाशयाने जागवलेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ आजही पहिल्यांदा हिचंच नाव घेतात.

पुढे तडे बुजवले, भिंतीला खालच्या अंगाने टेकू देऊन ती बळकट केली. ते काम चोख झालं. धरणग्रस्तांच्या जमिनींचे प्रश्न मात्र साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत.