घानातील एकुलता सर्व्हर

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची संगणकव्यवस्था कोलमडवली. न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीतील टर्मिनललाही त्याची झळ बसली. कंपनीच्या सुमारे १५० डोमेन कंट्रोलरांपैकी घानातील एकच वाचला, तोही वीज गेल्यामुळे बंद होता म्हणून! (वीज जाण्याचे असे उपकार विरळाच.)

एका सर्व्हरचे एवढे मोल का? १९९३च्या विंडोज एनटीपासून संगणक वापरकर्त्याला नावाने नव्हे, तर एसआयडी या क्रमांकाने ओळखतो. डोमेन नव्याने उभारले की त्याच नावाच्या खात्यालाही नवा क्रमांक मिळतो. अशा डोमेनला पुन्हा जोडलेल्या संगणकाच्या लेखी जुना वापरकर्ता परका ठरतो. त्याच्यापुढे कोरे प्रोफाइल उघडते. फायली डिस्कवरच असतात, कुलूप मात्र जुन्या क्रमांकाचे. मग जुन्या फोल्डरचे आणि रजिस्ट्रीचे अधिकार नव्या खात्याला देऊन प्रोफाइललिस्टमधील नोंद तिकडे वळवावी लागते, आणि हे प्रत्येक संगणकावर. विंडोज २०००ने जुना क्रमांक सोबत नेण्याची सोय केली खरी. पण त्या स्थलांतरासाठी जुने डोमेन जिवंत असावे लागते.

घानातील ती हार्ड डिस्क नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला पोहोचवण्यात आली. तिच्यावर जुने क्रमांक शाबूत होते.