भुतांची यादी कोणी केली? ‘रात्रीस खेळ चाले’च्या निमित्ताने

१/ नाईकांच्या वाड्यात वावरते ते भूत, की कुणा माणसाचा डाव? फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा या प्रश्नावर घरोघरी वाद रंगले. आंबेगाव तालुक्यातील लोणीसारख्या घाटावरच्या गावांनाही मालवणी बोलीतील ही कथा परकी वाटली नाही. असे का झाले असावे, त्याविषयी हा थ्रेड.

२/ मालिकेचा आरंभच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतील वाड्यात झाले. पहिल्या भागात पोलीस तपास आणि भीती हातात हात घालून चालतात. जानेवारी २०१९ मध्ये आलेला दुसरा भाग काळात मागे जातो आणि अण्णांची हयात दाखवतो: दांडगाई, जमिनीची हाव, शेवंताशी असलेले संबंध.

३/ चाहत्यांची चर्चा मात्र बहुधा एकाच ठिकाणी अडते: हे भूत नेमके कोणत्या जातकुळीचे? हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो कोकणातील शाळामास्तरांना रीतसर लेखी विचारला गेला होता.

४/ विचारणारा होता ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर आणि संस्कृतचा जाणकार. मुंबई इलाख्यातील लोकसमजुती गोळा करण्यासाठी त्याने प्रश्नावली तयार केली. गावोगावच्या शिक्षकांनी देव, वृक्ष, रोगराई, भुतेखेते यांविषयी उत्तरे लिहून पाठवली.

५/ २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या रात्री प्रयोग होता देवलांच्या ‘शारदा’चा, म्हणजे पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीच्या नाटकाचा. जॅक्सनची टिपणे मागे राहिली. आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने ती संपादित केली आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ या परंपरेतील भुतांची नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. भुताचे नाव त्याच्या रूपावरून ठरत नाही, मरण कसे आले यावरून ठरते. मुंज झालेला, पण लग्नाआधीच गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. बाळंतपणात दगावलेली स्त्री म्हणजे अलवंतीण. मालमत्तेत जीव अडकलेला तो समंध.

७/ म्हणजे ही यादी भुतांची कमी आणि अकाली, अतृप्त मृत्यूंची अधिक आहे. बाळंतपणात बायका मरत होत्या, म्हणून अलवंतीण गावोगाव होती. पोरे साथीत जात होती, म्हणून पिंपळावर मुंजा होता. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना दुःख सारखेच होते. म्हणूनच मुंजा जसा कोकणात भेटतो, तसाच जुन्नर-आंबेगावातही.

८/ अपमृत्यू झालेल्यांना गावगाड्याने जागाही नेमून दिली: मुंज्याला पिंपळ, वेताळाला शिवेवरचा शेंदरी दगड. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत भुतांचा हा राजा वेतोबा म्हणून रक्षणकर्ता झाला. तो रात्री गावात गस्त घालतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भक्त त्याला भल्याथोरल्या चपला वाहतात. भयाला नाव, जागा आणि वार्षिक मान दिला की त्याचा राखणदार होतो, हा त्यामागचा न्याय.

९/ या न्यायाला काळी बाजूही आहे. मृत्यूचा जाब खऱ्या अपराध्याला न विचारता भुताला विचारला की दोष अखेर दुबळ्यावर येतो. कुणी एकटी विधवा चेटकीण ठरते, कुणाला भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात या दोन्ही कृत्यांना सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे.

१०/ मालिकेमुळे कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असे आक्षेप तेव्हाच घेतले गेले. ते अनाठायी नव्हते. परंतु दुसरा भाग बारकाईने पाहिला तर वाड्यातील भयाचे मूळ अमावास्येत नाही, एका सत्ताधारी पुरुषाच्या बेबंद वागण्यात आहे. भुते त्याच्या अपराधांमागून येतात.

११/ तेव्हा ‘भूत की माणूस?’ हा वाद चुकीच्या जागी उभा आहे. भूत ही न नोंदवलेली फिर्याद असते, आणि तिच्यात आरोपीचे नाव गाळलेले असते. ते शोधणे हे इतिहासाचे काम.

१२/ आपल्या गावच्या मुंज्याची किंवा अलवंतिणीची कथा ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा. ते माणूस कशाने मेले, असे गावात सांगतात, तेवढे मात्र विसरू नका.