ओवीलाही लेबल लागतं

एम.एस्सी.ला असताना माझे काही नमुने मलाच फेकून द्यावे लागले होते. बाटल्यांवर ना तारीख होती, ना ठिकाण. तेव्हापासून कोणताही संग्रह पाहिला की मी आधी त्याच्या नोंदी बघतो.

असाच एक संग्रह जात्यावरच्या ओव्यांचा. गावोगावी पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ओवी दळता दळता म्हटली जायची, त्यामुळे दळणाबरोबर तीही थांबू लागली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं, डेटाबेस उभा केला. ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलं गेलं.

याने काय फरक पडतो? आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. ही नोंद नसती, तर त्या नुसत्या 'पारंपरिक ओव्या' म्हणून उरल्या असत्या. नोंद आहे म्हणून कळतं, की जुन्या ओवीत हा नवा इतिहास दलित बायकांनी घातला.

तुमच्या आजीला ओव्या येत असतील, तर तिला विचारून फोनवर रेकॉर्ड करा. पण आधी तिचं नाव, गाव आणि तारीख बोला, ओवी त्यानंतर.