सिरपूर तलाव : पक्षीगणना आणि जलकुंभी

इंदूरच्या धार रोडवरचा सिरपूर तलाव होळकर संस्थानाच्या काळातला. 2022 साली त्याला रामसर दर्जा मिळाला, क्षेत्र 161 हेक्टर. त्याआधी वर्षानुवर्षं 'द नेचर व्हॉलंटियर्स' या संस्थेच्या लोकांनी अतिक्रमण आणि सांडपाण्याविरुद्ध पाठपुरावा केला. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे (पद्मश्री, 2016) त्यांतले ठळक नाव, आणि आपल्या इंदुरी मराठी मंडळींना अभिमान वाटावा असे.

तलाव उथळ आहे. पावसाळ्यात भरला तरी जेमतेम दोन मीटर. म्हणूनच हिवाळ्यात बदकं उतरतात, आणि म्हणूनच जलकुंभीही झपाट्याने पसरते. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती पोसते, पाण्यावर गालिचा पसरला की खाली ऊन आणि प्राणवायू दोन्ही कमी पडतात. स्वयंसेवकांनी ती उपटून काठावरच टाकली तर मेहनत वाया: कुजून तेच खत पुन्हा पाण्यात. लांब नेऊनच टाकावी लागते. शिवाय तिचं बी चिखलात अनेक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एका रविवारच्या श्रमदानाने काम संपत नाही. फोटो मात्र त्याच रविवारचे निघतात!

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. पहाटे काठ वाटून घेतात, एकेक गट आपल्याच भागातले पक्षी मोजतो. मोठा थवा असेल तर आधी दहा-वीस मोजायचे, मग तेवढ्याच आकाराचे तुकडे डोळ्यांनी पाडायचे. उडून दुसऱ्या बाजूला गेलेले दोनदा मोजले जाऊ नयेत, हीच खरी कसोटी. 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन. 2024 चा राष्ट्रीय कार्यक्रम इथेच झाला. फेब्रुवारीतच चार दिवसांची 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' येते. तिथे पंधरा मिनिटं निरीक्षण करून ई-बर्डवर यादी टाकली तरी चालतं, नवख्यांनी सुरुवात इथूनच करावी.

या आकड्यांचं काय होतं? 2017 च्या पाणथळ नियमांनुसार अशा जागी अतिक्रमण, कचरा आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं मना आहे. पण तक्रार करताना 'पक्षी कमी झालेत' एवढं म्हणून भागत नाही. दहा वर्षांच्या याद्या असतील तर बोलणं जड होतं.

यायचं असेल तर मळकट रंगाचे कपडे, बंद बूट, पाण्याची बाटली. पोहे-जलेबी परतताना!