बोल्टवरचा नंबर

थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टवर, मुठीच्या मुळाशी, एक नंबर ठोकलेला असतो. तोच नंबर रायफलीच्या अंगावर. 1962 च्या युद्धानंतर एनसीसी सक्तीची झाली तेव्हा विद्याविहारच्या कॉलेजात आम्ही घाटकोपर-मुलुंडची पोरं साफसफाई उरकली की कुणाचाही बोल्ट कुणाच्याही रायफलीत सारायचो. उस्ताद कडाडायचे, "नंबर देख के डाल!" त्या रायफलींवर ‘डीपी’चा ठसा होता: ड्रिल पर्पज. गोळी सुटणारच नव्हती. मग एवढा गहजब कशाला?

कारण पुढे कळलं. बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा कारखान्यात प्रत्येक रायफलीसाठी वेगळी जुळवतात. परका बोल्ट घातला तर ती वाढू शकते. मग पितळी खोळ फाटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. आता हा दोष रायफली बनवणाऱ्या इशापूरच्या कारखान्याचा म्हणायचा की पोरांचा?

बंगालमधल्या त्या रायफल फॅक्टरीने आपली जबाबदारी लोखंडावरच लिहून ठेवली होती: साल, राजाचा मुकुट, स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह, आणि जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी तपासल्याची खूण. पुढचं हत्यारांची निगा राखणाऱ्या आर्मररने बघायचं. लष्कर नव्या रायफलींकडे वळलं आणि या जुन्या रायफली पोलिसांकडे उरल्या. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटी स्थानकावर दहशतवाद्यांच्या एके-47 समोर पोलिसांच्या हातात हीच थ्री-नॉट-थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट 2020 च्या प्रजासत्ताक दिनी. इतकी वर्षं हातोहात फिरलेल्या हत्याराला कारखान्याने जन्मभर जामीन राहावं, हे मला पटत नाही.

पण अमेरिकेतली स्प्रिंगफील्ड 1903 रायफल आठवते, आणि तिथे माझं मत उलटं आहे. तिचं पोलाद किती तापलं हे कामगार रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ठरवत. लख्ख उन्हात तेच लोखंड मंद दिसे, मग ते जास्त तापवलं जाई आणि ठिसूळ होई. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रायफली फुटू लागल्या तेव्हा सरकारी कारखान्याने पद्धत बदलली. आधीच्या, 8 लाखांखालच्या नंबरांच्या रायफली मात्र एकदम परत बोलावल्या नाहीत. त्या पुढेही वर्षानुवर्षं वापरात राहिल्या. असा दोष जन्मतःच असतो. मालक दहा बदलले तरी तो बनवणाऱ्याचाच.

आपल्याकडे खासगी परवानाधारकाला लष्करी थ्री-नॉट-थ्री सहसा मिळत नसे, त्याच बांध्याची .315 स्पोर्टिंग रायफल मिळे. ती एका परवान्यावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा कागदपत्रांत हत्याराचा नंबर असतो, दोन्ही परवाने असतात. काडतुसामागची जागा कुणी मोजली का, हे त्या कागदांत शोधून सापडणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाचं दायित्व स्वतंत्र प्रकरणात मांडलं: रचनेतला दोष, घडणीतला दोष, अपुऱ्या सूचना. पण वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही. आणि बदललेला बोल्ट हा फेरफार नाही तर काय?

शिवाय दावा लावायचा कुणावर? इशापूरचा कारखाना ज्याच्याकडे होता ते ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड 2021 च्या 1 ऑक्टोबरला मोडीत निघालं, आणि ती रायफल फॅक्टरी कानपूरच्या एका सरकारी कंपनीकडे गेली.