मुंबईचा मलनिःसारण कायदा आणि हलालखोर

शहरांचा इतिहास किल्ले, बंदरे आणि गिरण्या यांच्या आधारे लिहिण्याची प्रथा आहे. परंतु एखादे शहर आपले सांडपाणी कोठे सोडते आणि ते वाहून नेण्याचे काम कोणावर सोपविते, हे पाहिल्याखेरीज तेथील समाजाची खरी ओळख पटत नाही, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा हा केवळ प्रशासकीय नव्हे, तर सामाजिक दस्तऐवजही आहे.

या कायद्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईत आले. पाणी आले, पण वापरलेले पाणी बाहेर नेणारी पुरेशी गटारे नव्हती. १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले आणि त्यावर आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. १८७२ साली महापालिका स्थापन झाली. इंग्लंडमध्ये १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यापासून जो विचार रुजला होता, त्याचाच हा विस्तार होता. घाण ही घरमालकाची खाजगी बाब नसून नगराची जबाबदारी आहे, हा तो विचार. तो पुरोगामी होता, हे मान्य केलेच पाहिजे.

१८८८ च्या कायद्याने या विचाराला निश्चित रूप दिले. गटारे बांधणे, त्यांची देखभाल व सफाई करणे आणि मैल्याची विल्हेवाट लावणे ही कामे कलम ६१ अन्वये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरली. सार्वजनिक गटार शंभर फुटांच्या आत असेल, तर आपल्या घराचे सांडपाणी त्यास जोडण्याचा हुकूम घरमालकास देता येऊ लागला. कायद्याने फुटांचे माप ठरविले, नोटीस ठरविली, दंड ठरविला. हे काम कोणी करावे, हा प्रश्न मात्र कायद्याला पडला नाही. जातिव्यवस्थेने तो आधीच सोडवून ठेवला होता.

याचा पुरावा कायद्याच्या शब्दांतच आहे. मैला उचलण्याच्या खर्चासाठी घरपट्टीबरोबर जो कर बसविला गेला, त्याचे नाव होते ‘हलालखोर कर’. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’नुसार हलालखोर हे नाव अकबराने रूढ केले. हलालाची, म्हणजे कष्टाची भाकरी खाणारा, असा त्याचा गौरवपर अर्थ. मुंबईत हे नाव प्रामुख्याने गुजरात-काठेवाडातून आलेल्या आणि ‘भंगी’ म्हणून हिणविल्या गेलेल्या माणसांना लागले. दोन इमारतींमधील अरुंद हाऊसगल्लीतून, मागच्या बाजूने, टोपलीत मैला भरून नेणे हे त्यांचे काम. पुढे या कराचे नाव ‘मलनिःसारण कर’ झाले. नाव बदलले, काम करणारे हात तेच राहिले.

१८९६ च्या प्लेगने या व्यवस्थेचे गुपित उघड केले. लोक मुंबई सोडून जाऊ लागले, तेव्हा अधिकाऱ्यांना मोठी धास्ती वाटली ती हलालखोर निघून जाण्याची. ते गेले तर शहर राहण्यायोग्य उरणार नाही, हे ते जाणून होते. ज्याला स्पर्श करणेही विटाळ मानले जाई, त्याच्यावाचून नगराचा एक दिवसही चालत नव्हता.

लंडनच्या गटारात उतरणारा मजूरही गरीबच होता. परंतु त्याचे काम जन्माने ठरलेले नव्हते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी नेमके याच भेदावर बोट ठेवले आहे. येथे मनुष्य काम करतो म्हणून भंगी ठरत नाही. तो काम करो वा न करो, जन्मानेच तसा मानला जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

स्वातंत्र्यानंतरही कायदा गटाराच्या झाकणापर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला. १९९३ च्या कायद्याचा रोख कोरड्या शौचालयांवर होता. संरक्षक साधनांशिवाय माणसास गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरविण्यास मनाई झाली ती २०१३ च्या कायद्याने, म्हणजे मुंबईच्या कायद्यानंतर १२५ वर्षांनी. १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. तरीही २०१९ ते २०२३ या काळात असे ३७७ मृत्यू झाल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. २०२४ साली पुढे आलेल्या सरकारी नोंदणीत, सुमारे ३८ हजार गटार-सफाई कामगारांपैकी सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय आढळले. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. १८८८ साली न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.

सांडपाणी आणि शौचालय यांचे नियम विनयपिटकातही आहेत. चुल्लवग्गानुसार शौचालयात ज्येष्ठतेने नव्हे, तर येण्याच्या क्रमाने जावयाचे. ते अस्वच्छ दिसले, तर ज्या भिक्खूला दिसले त्यानेच झाडावयाचे. पाण्याचे भांडे रिते असेल, तर भरून ठेवावयाचे. तेथे स्वच्छता हे सर्वांचे कर्तव्य आहे, एका कुळाचे प्राक्तन नव्हे.

महानगर भिक्खुसंघाच्या नियमांनी चालणार नाही, हे आम्ही जाणतो. तेथे यंत्रे हवीत, वेतन हवे, कायद्याची अंमलबजावणी हवी. परंतु ज्या नगराच्या कायद्याने गटाराचे अंतर फुटांत मोजले, त्या नगराने त्यात उतरणाऱ्या माणसाचे मोल केवळ नुकसानभरपाईच्या रकमेत मोजू नये. बांधवांनो, झाकणाखालचा हा इतिहास आपल्या मुलांस सांगणे अगत्याचे आहे. कारण तो अद्याप संपलेला नाही.